ती कुणाला सांगायली होती?

प्रश्न विचारणारे उदगीरचे आहेत, वय तिशीच्या आत, नोकरी वाळूजच्या एमआयडीसीत. आजोबा गेले आणि त्यांच्या सामानात एक पेन ड्राइव्ह निघाला. त्यात 'संगीत स्वयंवर'ची पदं आहेत, बहुतेक बालगंधर्वांनी गायलेली. महिनाभर यांनी ती कंपनीच्या बसमध्ये हेडफोन लावून ऐकली. म्हणतात, सगळी पदं एकसारखी वाटतात, शब्द लागत नाहीत, तिसऱ्या पदाला डोळा लागतो. आजोबांच्या डोळ्यांत मात्र हीच पदं ऐकताना पाणी यायचं. तर नाटक न बघता नुसत्या रेकॉर्डी ऐकण्यात काही अर्थ आहे का, की आधी रागदारी शिकावी लागते?

मी परभणीचा. चाळीस वर्षं संगीत नाटकांना आणि नाट्यगीतांच्या कार्यक्रमांना ऑर्गनची साथ करतोय. त्या अनुभवावरून सांगतो, शास्त्रकार म्हणून नाही.

रागदारीचं आधी निकालात काढू. ती शिकावी लागत नाही. पूर्वी मांडवात रात्र-रात्र बसणारे लोक काही आरोह-अवरोह पाठ करून आलेले नसायचे. मोंढ्यातले अडते, मास्तर, शेतावरून बैलगाडी जुंपून आलेली माणसं. त्यांना 'नाथ हा माझा' यमनात आहे हे माहीत असो वा नसो, ती रुक्मिणी आहे आणि तिचा जीव कृष्णावर जडलाय हे पक्कं माहीत होतं. तुमचं नेमकं तेच हातचं सुटलंय. पदं तुमच्यापर्यंत आली ती नावगाव नसलेली, एकामागून एक, एकाच गळ्यातली. सासरच्या सगळ्या बायका एकाच दिवशी भेटाव्यात आणि कोण मावशी, कोण आत्या हे कुणी सांगूच नये, तसं झालंय. मग सारख्या वाटणार नाहीत तर काय?

मला हे कळलं ते फार उशिरा, आणि कळवलं एका म्हाताऱ्या माणसानं. गंगाखेडच्या बाजूला एका गावात 'एकच प्याला' होतं. सिंधूचं काम करणारी बाई गळ्यानं तयार. 'कशि या त्यजू पदाला' तिनं असं रंगवलं की तबलजी खूश, मी खूश, टाळ्या पडल्या. प्रयोग संपल्यावर मी पेटाऱ्याचे पट्टे आवळत होतो तर एक आजोबा काठी टेकत स्टेजपाशी आले. म्हणाले, "अण्णा, गाणं झ्याक झालं. पण ती कुणाला सांगायली होती?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण ती कुणालाच सांगत नव्हती. सिंधूच्या नवऱ्याला दारूनं धुऊन नेलंय, तिला माहेरी न्यायला माणसं आलीत, आणि ती 'या पायांना सोडून कशी येऊ' म्हणते आहे. हे पद म्हणजे माहेरच्या माणसांना दिलेला नकार आहे. आमची बाई मात्र समेवर यायला तबलजीकडे बघत होती आणि ताना प्रेक्षकांकडे फेकत होती. त्या रात्रीपासून रेकॉर्ड ऐकताना मी पहिला प्रश्न हाच घालतो. हे कोण, कुणाला, कशावरून म्हणतंय? उत्तर मिळालं की पदाचे शब्द आपोआप उघडायला लागतात. 'त्यजू' या शब्दावर गळा का थांबला, 'कशि'चा 'शि' का ताणला, हे कळतं. त्या जागा गाण्याच्या आहेत, पण ठेवल्यात नकारासाठी.

आता हे सगळं तुमच्या हातात कोणतं मुद्रण आहे त्यावर अवलंबून आहे. नाट्यपदांची ध्वनिमुद्रणं एका जातीची नसतात आणि लोक ती सरसकट एकाच कानानं ऐकतात.

सगळ्यात जुनी मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी. तुमच्या पेन ड्राइव्हमध्ये मूळ ऐवज तोच असणार. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं. 'स्वयंवर' १९१६ साली रंगभूमीवर आलं, भास्करबुवा बखल्यांच्या चाली, बालगंधर्व रुक्मिणी. मांडवात यातलं एखादं पद दहा-पंधरा मिनिटं चालायचं, वन्समोर पडला की पुन्हा पहिल्यापासून. ते सगळं साडेतीन मिनिटांत बसवायचं म्हणजे काय करावं लागतं? मुखडा लगेच, अंतरा घाईत, मधला विस्तार गाळायचा आणि ज्या दोन-चार ताना-मुरक्या दाखवायच्याच आहेत त्या खचाखच भरायच्या. आमच्याकडे लग्नाला जाताना एका ट्रंकेत सगळं कोंबतात आणि वर बसून झाकण लावतात, तशी ती तबकडी. त्यामुळे नवख्या माणसाला वाटतं की बालगंधर्व म्हणजे नुसती सुरावट आणि दम घ्यायला फुरसत नाही. रंगभूमीवर फुरसतच फुरसत होती. ती ऐकणाऱ्यानं मनात घालायची.

दुसरं, जुन्या काळी भोंग्यात गाऊन मुद्रण व्हायचं. मायक्रोफोनवरचं मुद्रण जगात १९२५ च्या सुमारास सुरू झालं, आपल्याकडे यायला आणखी थोडा काळ. भोंग्याच्या मुद्रणात खर्जाचा, म्हणजे खालच्या सुरांचा, भाग जवळजवळ गायब, तबला पेटीमागे लपलेला, आणि गळा सतत मोठा. आजच्या कानाला ते ओरडल्यासारखं वाटतं.

या ओरडण्यामागचं इंगित मला कसं समजलं ते सांगतो. गणपतीत एका तालुक्याच्या गावी 'सौभद्र' होतं. तिसऱ्या अंकात लाईट गेली. माईक बंद, पंखे बंद, मांडवात गुडूप अंधार. कुणीतरी पेट्रोमॅक्स आणून विंगेत ठेवला. आमचा कृष्ण क्षणभर थांबला, दोन पावलं पुढं आला आणि 'नच सुंदरी करू कोपा' तसंच उचललं. मी भाता जोरात मारला, तरी ऑर्गन जेमतेम पाचव्या रांगेपर्यंत जात असेल. पण त्याचं गाणं शेवटच्या माणसापर्यंत गेलं, कारण त्यानं आपसूक तोंड उघडलं, स्वर पुढच्या दातांवर आणून फेकले, शब्द तोडून-तोडून टाकले. माईकवर तो गुणगुणायचा, गोड पण पुसट. अंधारात तो जुन्या रेकॉर्डीसारखा गायला लागला! त्यानंतर मला भोंग्याच्या काळातली रेकॉर्ड कधी कर्कश वाटली नाही. ती माणसं मागच्या रांगेतल्या माणसाशी बोलतायत.

तिसरी गोष्ट तुमच्या फायलींची. ७८ ची तबकडी डिजिटल करताना फिरकी कमी-जास्त झाली की पट्टी सरकते. चार-पाच फेऱ्यांचा फरक पडला तर अर्ध्या स्वराचा फरक पडतो. वर सरकली तर आवाज पातळ, किनरा होतो, ताना पळतात, सगळ्यांत एक घाई शिरते. मी स्वतः यात फसलोय. एका विद्यार्थिनीला मोबाइलवरच्या एका फायलीवरून पद बसवलं, पट्टीसकट जसंच्या तसं. महिन्यात तिचा घसा बसला. नंतर दुसरीकडून तेच मुद्रण मिळालं ते चांगलं एक पट्टी खाली. पोरीची माफी मागितली. तेव्हा एकाच पदाच्या दोन-तीन फायली शोधा आणि ज्यात शब्द माणसाच्या तोंडून आल्यासारखे वाटतात ती ठेवा. यूट्यूबवर वेग कमी करून बघू नका, तिथं वेग बदलला तरी स्वर तोच राहतो, त्यामुळे चूक दुरुस्त होत नाही.

आणि 'स्वच्छ केलेली' म्हणून मिळते ती फाईल शक्यतो नको. खरखर काढताना यंत्र शब्दांतले स, श, च असे बारीक कडा असलेले आवाजही खरवडून नेतं, सारंगीची झणकार जाते. बालगंधर्वांच्या साथीला कादरबक्षांची सारंगी असायची, ती गेली तर निम्मी मजा गेली. खरखरीची सवय चार दिवसांत होते. आमच्या घरी चावीचा फोनो होता, चावी उतरत आली की रुक्मिणी हळूहळू पुरुषी व्हायला लागायची आणि आजी स्वयंपाकघरातून ओरडायची, "चावी दे रे, बाई म्हातारी व्हायली!"

पुढच्या काळातली मुद्रणं वेगळी. लाँगप्ले आली, एका बाजूला वीस मिनिटांच्या पुढं जागा मिळाली, तेव्हा पदं आणि त्यांच्या आजूबाजूचे निवडक संवाद एकत्र घेता येऊ लागले. आकाशवाणीनं संगीत नाटकं छोटी करून प्रसारित केली. आणि एक जात म्हणजे प्रत्यक्ष प्रयोगाचं मुद्रण, कुणीतरी स्टेजपाशी टेपरेकॉर्डर ठेवून केलेलं. माझं सगळ्यात प्रेम या शेवटच्या जातीवर. त्यात खोकला असतो, पोरगं रडत असतं, ऑर्गनच्या पायट्यांचा धप-धप आवाज येतो. पण त्यातच एक गोष्ट मिळते जी कंपनीच्या तबकडीवर कधी मिळत नाही: संवादातून पदात जाण्याचा सांधा.

हा सांधा आम्हा साथीदारांचा जीव की प्राण. नट बोलत असतो. पद चार वाक्यांवर आलं की मी हलकेच षड्ज, म्हणजे सा, धरतो, इतका हलका की प्रेक्षकाला कळू नये. चांगला नट शेवटचं वाक्य बोलता-बोलता त्या सुरावर येऊन टेकतो. बोलणं कधी संपलं आणि गाणं कधी लागलं ते सांगता येत नाही. कच्चा नट वाक्य संपवतो, घसा खाकरतो, ऑर्गनकडे बघतो आणि मग गातो. मधल्या त्या दोन सेकंदांत नाटक मरतं. तुमच्या तबकडीत हा सांधाच कापलेला आहे, पद थेट मुखड्यापासून सुरू होतं. तो तुम्हाला स्वतः जोडायचा आहे, आणि त्याला उपाय अगदी साधा आहे: नाटकाचं पुस्तक. खाडिलकर, देवल, गडकरी, किर्लोस्कर यांची पुस्तकं वाचनालयात मिळतात. संभाजीनगरला असताना बलवंत वाचनालयात चौकशी करा. पूर्ण नाटक नका वाचू. जे पद ऐकायचं त्याच्या आधीची दोन पानं मोठ्यानं वाचा, खोलीचं दार लावून वाचा हवं तर, आणि शेवटच्या वाक्याला लागून रेकॉर्ड चालू करा. एवढं करून बघाच. मी शिकवणीला येणाऱ्या प्रत्येक पोरापोरीला हे करायला लावतो. पहिल्या दिवशी लाजतात, तिसऱ्या दिवशी आधीचा संवाद न म्हणता पद उचलतच नाहीत.

आपल्या भागातल्या माणसाला हे खरं तर नवीन नाही. नारदीय कीर्तनात बुवा आख्यान सांगतात, गोष्ट एका टोकाला येते, पुढं नुसत्या बोलण्यानं भागत नाही, मग झांज वाजते आणि साकी किंवा दिंडी वृत्तातलं गाणं येतं. 'शाकुंतल' आणि 'सौभद्र' यांत साक्या-दिंड्या भरपूर आहेत. ज्यानं लहानपणी देवळात मांडी घालून कीर्तन ऐकलंय त्याचा कान अर्धा तयारच आहे. तिथं तुम्ही कधी विचारलं का, ही दिंडी कोणत्या रागात? तुम्ही पुढं काय झालं याची वाट बघत होता.

आणखी एक जात मात्र सांभाळून ऐका: मैफलीतलं नाट्यगीत. मोठे गवय्ये नाट्यपद मैफलीत घेतात आणि वीस मिनिटं रंगवतात. फार सुंदर असतं. पण तिथं रुक्मिणी नसते, सिंधू नसते, ते त्या गवयाचं गाणं असतं. त्यात वाईट काही नाही. नाट्यपद अशा हातांतून गेल्यानं श्रीमंतच झालंय. मास्टर दीनानाथांनी 'मानापमान'मधली नायकाची, धैर्यधराची पदं आपल्या आक्रमक ढंगात अशी बदलून टाकली की पुष्कळांना तीच मूळ वाटतात. फक्त तुम्ही ऐकताय ते पात्र आहे की गवई, एवढं ओळखून ऐका. माझ्या मते सुरुवातीला मैफलीतलं नको. त्यानं कान गाण्याकडे जातो आणि नाटक राहून जातं. माझे काही गायक मित्र याच्या अगदी उलट सांगतील, तेही चूक नाहीत. ज्याला गाणं शिकायचंय त्याची वाट ती आहे. तुम्ही विचारलंय आजोबांना रडू का यायचं ते, म्हणून मी ही वाट सांगतोय.

मग सुरुवात कुठून? 'स्वयंवर'पासून नको. ते बाजूला ठेवा. मी 'कट्यार काळजात घुसली'पासून सुरू करा म्हणेन. १९६७ चं नाटक, पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, खाँसाहेब आफताब हुसेन म्हणजे वसंतराव देशपांडे. याला दोन कारणं. एक तर मुद्रण आजच्या कानाला सुसह्य आहे. दुसरं, ते नाटकच गाण्याविषयी आहे, खाँसाहेब आणि पंडितजी अशा दोन घराण्यांची झुंज आहे, त्यामुळे कोण कुणाला का गातंय हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. 'घेई छंद मकरंद' हे एकच काव्य तिथं दोन चालींत येतं, एक पंडितजींच्या वळणाची, एक खाँसाहेबांची. शब्द तेच. दोन्ही लागोपाठ ऐका. एकीत माणूस भुंग्यासारखा फुलावर रेंगाळतो, दुसरीत तो तुमच्या अंगावर येतो. नाटकातलं सगळं भांडण त्या दोन चालींत आहे, आणि ते कळायला रागाचं नाव लागत नाही. शिवाय खाँसाहेबांच्या उर्दू वळणाच्या चीजा पुण्याच्या माणसाला थोड्या परक्या वाटतील, तुम्हाआम्हाला कशाला वाटतील? सतरा सप्टेंबर १९४८ पर्यंत आपल्याकडच्या कचेऱ्या उर्दूत चालायच्या, आजोबांच्या पिढीला ती भाषा शाळेतच भेटली होती. एक इशारा: २०१५ च्या चित्रपटातली गाणी यात मिसळू नका. 'सूर निरागस हो' नाटकात नाही.

त्यानंतर 'मत्स्यगंधा', १९६४. अभिषेकींनी पदं आटोपशीर ठेवलीत, त्यामुळे मुद्रणात फारशी काटछाट जाणवत नाही. मग 'कुलवधू'. ते १९४२ चं, मास्टर कृष्णरावांच्या चाली, ज्योत्स्ना भोळ्यांचं 'बोला अमृत बोला'. मग 'शारदा', आणि त्यात 'म्हातारा इतुका न' जरूर ऐका. पंचाहत्तरीच्या नवऱ्याची भलामण आहे ती. तिथं गाणारा तान घेत बसला तर विनोद मेलाच. शब्द चोख टाकायचे आणि बाजूला व्हायचं. सगळीच नाट्यपदं गोड गळ्याची नसतात हे या एका पदानं कळतं. मग सिंधूची अंगाई, 'चंद्र चवथिचा'. ती ऐकताना बाळ मांडीवर आहे आणि घरात काय चाललंय हे दोन्ही डोक्यात ठेवा, बाकी काही सांगत नाही.

आणि मग या 'स्वयंवर'कडे. त्यातलंही एकच पद घ्या, 'मम आत्मा गमला'. बिहाग आहे, पण ते राहू द्या. आधी दोन पानं वाचा. मग ऐका. दुसऱ्यांदा ऐकताना नुसते शब्द लिहून काढा. जिथं शब्द लागत नाही तिथं मोकळी जागा सोडा आणि पुस्तकाशी ताडून बघा. तिसऱ्यांदा नुसती सारंगी आणि ऑर्गन ऐका, गळा विसरून. सारंगी रुक्मिणीच्या मागून कशी चालते, कधी तिचंच वाक्य पुन्हा म्हणते, कधी गप्प बसते ते बघा. चौथ्यांदा काही न करता ऐका. हे सगळं एका दिवशी करू नका, आठवडा लावा. पुरुषाच्या गळ्यातली स्त्री ही गोष्ट सुरुवातीला खटकेल, तिला बगल देऊ नका. बालगंधर्व बाईच्या आवाजाची नक्कल करत नाहीत, ते बाईचं बोलणं गातात, हा फरक तिसऱ्या-चौथ्या ऐकण्यात हाताला लागतो.

एवढं करूनही मन बसलं नाही तर? नाही बसलं. माझ्या सख्ख्या धाकट्या भावाला नाट्यसंगीत कधी आवडलं नाही. घरात दिवसरात्र ऑर्गन होता, तरी तो लावणीचा भक्त आणि तिच्यातलं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. आजोबांचं सगळंच आपल्याला आवडलं पाहिजे असा काही करार नसतो. पण निर्णय तिसऱ्या पदाला झोप लागली यावरून करू नका, बसमध्ये मला भीमसेन जोशी लावले तरी झोप लागते.

आणि बसवरून आठवलं. इंजिनाच्या घरघरीत जुन्या मुद्रणातलं हळू तेवढं सगळं बुडतं, उरतात फक्त वरच्या ताना, म्हणून तुम्हाला एकसारखं वाटलं असेल. हेडफोनही काढा. ही मुद्रणं मोनो आहेत, दोन्ही कानांत तेच, आणि खरखर थेट मेंदूत जाते. रविवारी सकाळी खोलीत एक साधा स्पीकर खिडकीपाशी ठेवा, आवाज बेताचा, आणि तुम्ही समोरच्या भिंतीला टेकून बसा. स्पीकर आणि तुमच्यात आठ-दहा फूट अंतर असू द्या, म्हणजे रुक्मिणी उभी राहायला जागा होते.